पोकळ सेक्शनच्या डायचा मॅन्ड्रेल सरकतोय. सिम्युलेशनवर पैसे घालावेत का?

कुपवाड_वायरकट

रामराम मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम आहे. एक व्हीएमसी, एक वायरकट, एक स्पार्क मशीन आणि हाताखाली पोरं. अल्युमिनियम एक्स्ट्रुजनच्या डाय बनवतो, म्हणजे प्रेस तापलेला अल्युमिनियमचा ओंडका (बिलेट) ज्यातून दाबून लांब सेक्शन काढते ते पोलादी साचे. निम्म्याहून जास्त काम खिडक्यांचं: टू ट्रॅक, थ्री ट्रॅक, इंटरलॉक, हँडल. त्यांचं काही टेन्शन नाही. घोडं पेंड खातं ते पोकळ सेक्शनला.

आत्ता गळ्यात अडकलेली डाय सांगतो. ४० बाय ४० ची चौकोनी नळी, भिंत १.५. तिच्या एका कोपऱ्यातून २५ मिमीचा पंख बाहेर गेलाय, जाडी १.२. चार पोर्टची, एका छिद्राची पोर्टहोल डाय: माल चार भोकांतून (पोर्ट) आत येतो, वेल्डिंग चेंबरमध्ये परत एकजीव होतो आणि मधल्या खुंटाभोवती (मॅन्ड्रेल) नळी होऊन निघतो; खुंट धरणारे पोर्टमधले दांडे म्हणजे ब्रिज. पंखाला माल कमी पडू नये म्हणून त्या बाजूचं पोर्ट रुंद ठेवलंय, सगळेच ठेवतात तसं. गिऱ्हाइकाची प्रेस हजार टनी, कंटेनर (बिलेट ठेवायचं नळकांडं) १५५ मिमीचा, माल ६०६३ जातीचं अल्युमिनियम.

ट्रायलला पंख लाटा मारत बाहेर आला. पंखाकडची भिंत १.७ आणि समोरची १.३. तिथल्या करेक्टरनं (फाईल मारून डाय सुधारणारा) पंखाच्या बेअरिंगला, म्हणजे तोंडाशी माल घासत जातो त्या पट्टीला, चोक दिला, म्हणजे वेग आवरायला उतार दिला. लाटा गेल्या, पण भिंती तशाच राहिल्या आणि वर सेक्शन धनुष्यासारखा वाकायला लागला. मग समोरच्या भिंतीचं बेअरिंग कमी केलं. वाक थोडा कमी झाला, जाडीत काडीचा फरक नाही. आता गिऱ्हाईक म्हणतंय नवीन डाय द्या, आणि ती तुमच्या खर्चानं. एच-१३ पोलादाचा भाव, हीट ट्रीटमेंट, वायरकटचे तास, सगळं आमच्या बोकांडी.

भाचा विश्रामबागला वालचंद कॉलेजला मेकॅनिकलला आहे. तो म्हणतो, "मामा, हे सगळं कॉम्प्युटरवर आधीच दिसतं." एका सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूसही येऊन गेला. लाल-निळी चित्रं फिरवून दाखवली, बघायला झकास. वर्षाच्या लायसन्सचा आकडा सांगितला तेव्हा मात्र पुढ्यातला चहा गार झाला.

मी सिम्युलेशनच्या विरोधात नाही. कोल्हापूरकडचे आमचे फाउंड्रीवाले पाव्हणे रायझर कुठं ठेवायचा हे कॉम्प्युटरवर बघूनच पॅटर्नला हात घालतात, आणि त्यांचं रिजेक्शन खरंच उतरलंय. पण त्यांना एकाच पॅटर्नवर हजारो कास्टिंग काढायची असतात. माझी प्रत्येक डाय वेगळी. माझ्यासारख्यानं लायसन्स घ्यावं, की जॉबवर करून घ्यावं, की सरळ चांगला करेक्टर गाठावा? आणि मुख्य म्हणजे वर सांगितलेला घोळ ते खरोखर आधी सांगतं का? हे काम स्वतः केलेल्यांनी सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत.

फाईल_आणि_चोक

भावा, कॉम्प्युटरच्या आधी एक विचार. ट्रायलला डाय ओव्हनमध्ये किती वेळ होती? जाडीच्या दर इंचाला एक तास हा जुना हिशोब. पोकळ डाय जाडजूड असती, तिला चार-पाच तास पाहिजेत. घाईच्या शिफ्टला दोन तासांत काढून लावत्यात, बाहेरनं तापलेली आणि मॅन्ड्रेलचा गाभा थंड. तशा डायचा नोज पीस बघून करेक्शन केलं की पुढच्या बारीला सगळं उलटं निघतंय.

दुसरं, नोज पीस ठेवलाय का? प्रेसमधनं पहिलं जे हातभर निघतंय, त्यातच सगळी कुंडली असती. कुठली बाजू पुढं पळाली, कुठली मागं राहिली, ते त्याच्या तोंडावर दिसतंय. उभी हयात मी त्यावरच डाय चालवल्या. लाल-निळ्या चित्रावर फाईल मारता येत नाही.

तरी पण १.७/१.३ हे माझ्यापण फाईलीच्या बाहेरचं काम हाय, हे कबूल.

अजिंक्यतारा_पायथा

दादा, मी साताऱ्यात डाय सिम्युलेशनचंच काम करते. त्याआधी एका एक्स्ट्रुजन प्लांटच्या डाय शॉपला होते, त्यामुळे डायमधलं अल्युमिनियम विरघळवायच्या कॉस्टिकच्या टाकीचा वास मलाही माहीत आहे. वरच्या काकांचं ओव्हनबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ते आधी विचारून घ्या.

त्यानंतर एक फुकटची तपासणी. डाय कॉस्टिकमधून निघून स्वच्छ झाली की जोडून बोल्ट आवळा आणि थंड असताना मॅन्ड्रेल आणि प्लेटमधली फट चारही बाजूंनी पिन गेजनं मोजा. फट सगळीकडे सारखी असूनही सेक्शन १.७/१.३ येत असेल, तर मॅन्ड्रेल लोडखाली झुकतोय. थंड फटच कमी-जास्त असेल, तर डॉवेल किंवा रजिस्टरचा (डायचे दोन भाग जुळवणाऱ्या पिना आणि खाचा) बसाव चुकलाय, नाहीतर ब्रिज कायमचा वाकलाय. तसं निघालं तर सिम्युलेशनवर एक रुपयाही घालू नका, काम मशीनवरचं आहे.

मला वाटतं तुमचं पहिल्यातलं असावं. १.७ आणि १.३ ची बेरीज ३.०, म्हणजे दोन भिंती मिळून जाडी बरोब्बर आहे. वाटणी फक्त चुकली आहे. मॅन्ड्रेल पंखापासून लांब ०.२ मिमी ढकलला गेलाय. पंखाकडचं पोर्ट रुंद, तिथून माल जास्त येतो, वेल्डिंग चेंबरमध्ये त्या बाजूचा दाब चढतो आणि मॅन्ड्रेल समोर रेलतो. बेअरिंगनं हे का सुटलं नाही, तेही यातच आलं. बेअरिंग तोंडाशी वेग आवरतं. मॅन्ड्रेलला ढकलणारा दाब त्याच्या कितीतरी मागे, पोर्टमध्ये आणि चेंबरमध्ये तयार झालेला असतो. करेक्टरनं पंखाला चोक दिला तेव्हा पंखाचा माल अडला, पण पोर्टमधून येणारा माल कमी झाला नाही. तो शेजारच्या १.७ च्या भिंतीत घुसला आणि ती बाजू आणखी पळाली. तुमचं धनुष्य तिथून आलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: हे आधी दिसलं असतं का? दिसलं असतं, पण माल आणि पोलाद दोन्ही एकत्र सोडवले असते तरच. पुष्कळ ठिकाणी फक्त मालाचा प्रवाह काढून देतात आणि डाय ताठ, न वाकणारी धरतात. तसल्या रिपोर्टमध्ये पंख वेगात दिसला असता, भिंती मात्र छान १.५ च्या १.५ दिसल्या असत्या. म्हणून ज्याला काम द्याल त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: मॅन्ड्रेलचं सरकणं काढून देणार का, आणि सरकलेल्या मॅन्ड्रेलवर प्रवाह पुन्हा सोडवणार का?

हे नुसतं कागदी नाही. एक्स्ट्रुजनवाल्या संशोधकांनी यासाठी बेंचमार्क ठेवले होते. २००९ चा डॉर्टमुंडचा बेंचमार्क तर खास डायच्या झुकण्यावरच होता. एकाच डायमध्ये दोन यू सेक्शन, दोन्हींच्या जिभांना (यू च्या पोकळीत शिरलेला डायचा भाग) मागून आधार वेगवेगळा, आणि प्रेस चालू असताना झुकणं मोजलेलं. म्हणजे सॉफ्टवेअरच्या उत्तराशेजारी ठेवायला खरा आकडा होता. तुमच्या मॅन्ड्रेलचं दुखणं त्याच जातीचं आहे.

आत काय चालतं ते थोडक्यात. अल्युमिनियम त्या तापमानाला अतिशय घट्ट द्रवासारखं धरतात. पोर्ट, चेंबर, बेअरिंग हे सगळं आधीच मालानं भरलेलं आहे आणि प्रेस एका लयीत चाललीय असं मानून उत्तर काढतात. त्यामुळे काही तासांत निकाल येतो. बिलेट पहिल्यांदा आत घुसतानाचं, म्हणजे काकांच्या नोज पीसचं चित्र यात मिळत नाही. त्यासाठी माल टप्प्याटप्प्यानं पुढे ढकलत सोडवावं लागतं, आणि ते फार वेळखाऊ. अल्टेअरचं हायपरएक्स्ट्रूड, क्यूफॉर्म, डीफॉर्म ही यातली चालणारी नावं. कुठलं चांगलं यावर इथे भांडण सुरू होईल, म्हणून सोडून देते. माझ्या अनुभवात सॉफ्टवेअरपेक्षा जास्त फरक पडतो तो तुम्ही आत काय घालता त्यानं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि गिऱ्हाइकाकडून मिळतं काय? "बिलेट ४५०, स्पीड नॉर्मल." नॉर्मल म्हणजे किती? रॅमला पट्टी लावून स्टॉपवॉचनं मोजायला सांगा. तुमच्या सेक्शनचं क्षेत्रफळ साधारण २६१ चौ. मिमी, १५५ च्या कंटेनरचं १८,८७०. रेशो ७२ च्या आसपास. म्हणजे रॅमच्या वेगात सेकंदाला १ मिमीचा फरक पडला की बाहेर मिनिटाला ४ मीटरहून जास्त फरक, आणि त्याबरोबर तापमानही बदलतं. बिलेटचं तापमान कॉन्टॅक्ट थर्मोकपलनं घ्या. बाहेर पडणाऱ्या सेक्शनवर साधी इन्फ्रारेड गन मारून आकडा लिहू नका, चकचकीत अल्युमिनियमवर ती सर्रास खोटं बोलते. कंटेनरचं वरचं आणि खालचं तापमान वेगवेगळं लिहून घ्या. वरची बाजू जास्त तापलेली असणं नेहमीचंच आहे, आणि तेवढ्यानंही माल एका अंगाला जास्त पळतो. त्याचा दोष मग डायच्या नावावर लागतो.

सगळ्यात सोपी कसोटी प्रेशर गेजची. समजा प्रेस २१० बारला हजार टन देते आणि बिलेट फुटताना काटा १६५ ला गेला, तर जोर झाला साधारण ७८५ टन. सिम्युलेशननं ५०० टन सांगितलं तर त्याचं बाकीचं काहीही ऐकू नका. घर्षण, तापमान किंवा मटेरियलचा डेटा, काहीतरी गंडलंय.

माझा सल्ला: लायसन्स घेऊ नका. ते रोज चालवणारा माणूस नसेल तर पैसे पडून राहतात, आणि भाचा पास झाला की पुण्याला जाणार. जॉबवर करून घ्या. पण पहिला जॉब नवीन डायचा देऊ नका. हीच बिघडलेली डाय द्या. मूळ ड्रॉइंग, प्रेसचे खरे आकडे, बस्स. ट्रायलला काय निघालं ते झाकून ठेवा. त्यानं आपणहून सांगितलं की पंख पळतोय आणि मॅन्ड्रेल समोरच्या बाजूला एवढा सरकतोय, तर पुढच्या पोकळ डाय त्याच्याकडे पाठवा. नाही सांगता आलं तर एका जॉबच्या पैशात सुटलात. डेमोतली चित्रं कायम विक्रेत्याच्या डायची असतात. परीक्षा घ्यायची तर पेपर आपला पाहिजे.

अशा परीक्षेला लागते ती करेक्शनची वही. कुठल्या डायवर, कुठे, किती फाईल मारली आणि त्यानं काय झालं. बहुतेक ठिकाणी हे करेक्टरच्या डोक्यात असतं आणि तो रिटायर झाला की त्याच्याबरोबर घरी जातं.

फाईल_आणि_चोक

ताई, शेवटचं वाक्य माझ्यावरच दिसतंय! वही होती की. मालकानं ऑफिस रंगवताना रद्दीत घातली.

विश्रामबाग_सेम८

एक शंका. माल घट्ट द्रवच धरायचा असेल तर ओपनफोमसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर होणार नाही का? आम्ही कॉलेजला पाण्याचे फ्लो त्यावर करतो.

अजिंक्यतारा_पायथा

होतं. लोकांनी केलंयही. मालाचा फ्लो स्ट्रेस भागिले तीन पट स्ट्रेन रेट, ही त्याची चिकटपणाची किंमत धरायची, आणि फ्लो स्ट्रेस तापमान आणि वेगाप्रमाणे बदलत ठेवायचा. प्रोजेक्टसाठी सुंदर विषय आहे, जरूर करा. अडचण जाळीची येते, म्हणजे हिशोबासाठी माल बारीक तुकड्यांत (घटक) विभागायची. बिलेट १५० मिमीचं आणि भिंत १.५ ची. भिंतीच्या जाडीत निदान चार-पाच घटक बसले पाहिजेत, आणि तेवढी बारीक जाळी सगळीकडे केली तर कॉम्प्युटर मान टाकतो. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये बेअरिंगपाशी बारीक आणि मागे जाड अशी जाळी आपोआप होते. पैसे बरेचसे त्याचेच आहेत. शिवाय मॅन्ड्रेलचं झुकणं वेगळ्या प्रोग्रॅमवर काढून परत जोडावं लागेल. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे करत बसू नका.

कुपवाड_वायरकट

ताई, डाय परत आणली, कॉस्टिक करून काल मोजली. पोरानं एकदा आणि मी एकदा. थंड फट चारही बाजूंना १.५१ ते १.५२, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे, एक टक्का श्रिंकेज धरून. सेक्शनच्या वरच्या-खालच्या भिंतीही १.५ च आहेत. म्हणजे लोडखालीच झुकतंय. गिऱ्हाइकाच्या फोरमनला ओव्हनचं विचारलं. तो म्हणाला, "पुरेसा वेळ होती." पुरेसा म्हणजे किती, ते काही तोंडातून निघालं नाही.

आता दोन गोष्टी. एक, नवीन डाय करण्याऐवजी हीच वाचवता येईल का? मोठं पोर्ट लहान करायला त्यात पोलाद परत कसं भरणार? दुसरं, जॉबवाल्याला सॉलिड मॉडेल द्यायचं ते डायचं की मालाचं? भाचा म्हणतो मालाचं. मला ते डोक्यात बसेना, माल तर पोकळीत असतो.

अजिंक्यतारा_पायथा

छान मोजलंत. आता हे बोलण्यासारखं झालं.

भाच्याचं बरोबर आहे. पोकळीच भरीव करून काढायची, म्हणजे पोर्ट, चेंबर आणि बेअरिंगमध्ये जिथे जिथे अल्युमिनियम असेल तो आकार. शिवाय पोलादही वेगळं लागेल, झुकणं त्यावरच काढायचं आहे. तुम्ही दोन्ही करत बसू नका. डायचे सगळे भाग स्टेप फाईलमध्ये (३डी मॉडेलची फाईल) द्या, पोकळी ते काढून घेतील. बॅकर आणि बोल्स्टरही द्या, हे लोक विसरतात. मागचा आधार कुठे संपतो हे कळल्याशिवाय झुकण्याच्या आकड्याला अर्थ नाही. आणि मॉडेल मूळ, फाईल न मारलेल्या डायचं.

वाचवण्याबद्दल. मोठं पोर्ट लहान करता येत नाही, पण समोरचं मोठं करता येतं. हार्ड मिलिंग नाहीतर स्पार्क, दोन्ही तुमच्याकडे आहे. दोन्ही बाजूंचा दाब जवळ आला की मॅन्ड्रेल सरळ राहायला लागेल. मात्र पोर्ट कुठल्या दिशेला वाढवायचं हे महत्त्वाचं. बाहेरच्या बाजूला, कंटेनरच्या भिंतीकडे वाढवलं तर तिथला माल मुळात हळू असतो, फायदा कमी. आत ब्रिज खाऊन वाढवलं तर माल लगेच मिळतो, पण ब्रिज बारीक होतो, त्यावरचा ताण वाढतो आणि मॅन्ड्रेल उलट मागे जास्त दबतो. तो मागे दबला की बेअरिंगची जुळणी हलते. या दोन्हींच्या मध्ये कुठे थांबायचं, हे डोळ्यानं ठरवू नका. सिम्युलेशनचा पैसा वसूल होण्याची हीच जागा आहे. दोन-तीन आकार चालवून बघायचे, ज्यात मॅन्ड्रेलचं सरकणं ०.०५ च्या आत येतं आणि ब्रिजचा ताण त्या तापमानाच्या एच-१३ ला झेपतो तो कापायचा. कापून झाल्यावर पंखाचा चोक काढून टाका, आणि पुन्हा नायट्रायडिंग (पृष्ठभाग कडक करणं) केल्याशिवाय डाय देऊ नका.

अजून एक. पोर्ट वाढवलं की एक बिलेट संपून दुसरं सुरू होतं त्या जोडाचा वाया जाणारा माल वाढतो. तुमचे पोर्ट आणि चेंबर मिळून समजा ३६० घन सेंमी असतील, तर त्याला सेक्शनच्या क्षेत्रफळानं भागलं की १.४ मीटरच्या आसपास येतं. पण कडेचा जुना माल चिकटून हळू निघतो, त्यामुळे जोड त्याहून बराच लांब पसरतो. सेक्शन भार घेणारा असेल तर तेवढा तुकडा कापून टाकायला हवा. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नाहीतर नंतर तेही बिल तुमच्याच नावावर.

फाईल_आणि_चोक

चोक एकदम सगळा काढू नको. आधी निम्मा उतरव आणि चालवून बघ. पंख बारीक हाय, १.२ चा. पोर्ट बदलल्यावर तो उपाशी पण राहू शकतोय. आणि ट्रायलला मला बोलव. प्रेस कुठं पण असू दे, पेठ नाक्यावरनं उचल मला.

अजिंक्यतारा_पायथा

काकांचं ऐका. निम्माच उतरवा.

कुपवाड_वायरकट

ठरलं. स्टेप फाईल भाचा आज रात्री तयार करतोय, बॅकर-बोल्स्टरसकट. गिऱ्हाइकाकडे रॅमचा वेग मोजायला पट्टी आणि थर्मोकपल घेऊन मीच जातो, फोरमनच्या "पुरेसा"वर आता विश्वास नाही. ओव्हनची वेळही डोळ्यासमोर लावून घेतो. ताई, जॉबवर करणाऱ्या दोघा-तिघांची नावं व्यनि करा. तुमचंही त्यात असेल तर आणखी बरं. ट्रायलचा निकाल मात्र तुम्ही इथं आधीच वाचलाय, त्यामुळे तुमची परीक्षा दुसऱ्या डायवर घेईन. हीट सिंकची एक जुनी आहे, तिचं नोज पीस कपाटात आहे, आणि काय निघालं ते इथं सांगणार नाही. काका, तारीख ठरली की फोन करतो.